सोळा वर्षं 3 टक्के: दर जागेवर, नोटा सहापट

बेसा भागात कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्यांना रेपो दर बरोबर माहीत असतो. हप्ता त्यावरच ठरतो ना! त्यामुळे व्याजदर म्हणजे पैशाचा नळ, असं आपल्या डोक्यात बसलंय. पीएचडीला आर्थिक इतिहास घेणार असाल, तर ही समजूत जुन्या आकड्यांवर एकदा तपासून बघा.

रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँक दर 3 टक्के झाला आणि नोव्हेंबर 1951 पर्यंत तिथेच राहिला. नुसती दरांची मालिका पाहिली तर वाटेल, या काळात काही घडलंच नाही. आता चलनातल्या नोटा बघा: 1939 मध्ये सुमारे 180 कोटी रुपयांच्या, 1945 मध्ये 1100 कोटींच्या वर.

मग एवढा पैसा आला कुठून? महायुद्धात ब्रिटनसाठी भारतात माल घेतला जायचा, सैन्यावर खर्च व्हायचा. त्याचा मोबदला लंडनमध्ये स्टर्लिंगमध्ये जमा व्हायचा आणि त्या रोख्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढायची. कायद्यात तशी सोय होतीच. माल युद्धाकडे गेला, नोटा इथे राहिल्या, भाव भडकले. ठरावीक मजुरीवर जगणाऱ्यांचे हाल झाले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळामागच्या कारणांत ही महागाईही होती.

त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आयसीएस म्हणून त्यांची घडण मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नागपूरच्या प्रशासनात झालेली. त्यांच्या काळातही दर हलला नाही. एक तर सरकारला स्वस्त कर्ज हवं होतं. दुसरं म्हणजे, बँक दराचा चिमटा रिझर्व्ह बँकेकडे उसने मागायला येणाऱ्यालाच बसतो. इथे बँकांकडे ठेवी भरपूर होत्या, आणि स्टर्लिंगच्या वाटेने येणाऱ्या पैशाला या दराशी देणंघेणंच नव्हतं. म्हणून भावनियंत्रण, रेशनिंग आणि ऑगस्ट 1943 पासून सोन्याची विक्री असे उपाय झाले. 1951 मध्ये दर साडेतीन टक्के झाला, तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते.

तेव्हा दर आणि पैसा यांचा सहसंबंध काढायला बसण्याआधी रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद उघडा. नोटांसमोर मालमत्तेच्या बाजूला काय वाढतंय ते पाहा: सोनं, सरकारी रोखे की परकीय चलन? पैसा कोणत्या दारातून आला हे कळलं, की दर का हलला नाही, हा प्रश्न नीट विचारता येतो.