रमाईची चार लेकरं आणि आईवरचा ठपका

7 फेब्रुवारीला रमाईची जयंती आली की आपल्या स्टेजवरून एकच शब्द ऐकू येतो : त्यागमूर्ती. शब्द खोटा नाही. पण त्याच्या आड इतिहास झाकला जातो.

गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. रमाईच्या पाच लेकरांपैकी ही चार गेली, एकटा यशवंत जगला. राजरत्न 19 जुलै 1926 ला गेला. बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले त्याला तीन वर्षे झाली होती. बिऱ्हाड मात्र परळच्या बीआयटी चाळीतच होते. लेकरं श्रीमंतांचीही दगावत. पण खोल्या कमी तितके बालमृत्यू जास्त, हे मुंबई पालिकेच्या तेव्हाच्या आकड्यांतच दिसते. मग हा रमाईचा त्याग की तिच्यावर लादलेला अन्याय?

बाबासाहेबांनी याचे उत्तर भाषणातून नव्हे, कायद्यातून मागितले. 28 जुलै 1928 ला मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. 1929 मध्ये कायदा झाला. दोन वर्षांपूर्वीच लेकरू पुरलेला बाप तिथे बोलत होता, हे आपण विसरतो.

आज हाच प्रश्न स्वमग्न मुलांच्या आयांपुढे आहे. लिओ कॅनरने 1943 मध्ये ऑटिझमचे वर्णन केले आणि पुढे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी खापर फोडले आईवर : तिची माया थंड, म्हणून मूल असे. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढले. आपल्याकडे थंड माया नाही, मागच्या जन्मीचे पाप काढतात. कर्मविपाक नाकारणाऱ्यांच्या वस्तीतही बाया हे कुजबुजतात, हे कबूल करायला हवे!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. पण शिरपूरच्या मजूर बाईला प्रमाणपत्रासाठी पन्नासेक किलोमीटरवरचे धुळे गाठायचे तर त्या दिवसाची रोजी बुडते. एका खेपेत काम झाले तर नशीब.

बाबासाहेब 1937 च्या जुलैअखेरीस धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले, म्हणून दर 31 जुलैला तिथे गर्दी जमते. यंदा शिरपूरहून जाणाऱ्या पोरांनी निळ्या झेंड्यासोबत एक निवेदन न्यावे : तपासणी, प्रमाणपत्र आणि वाचा-उपचार शिरपुरातच, ठरलेल्या वारी. सह्या आधी आयांच्या घ्या.