केडगावची माणसं

आमच्या घरी आलेल्या बाईला "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं आम्ही पोरांनी विचारलं, की मोठी माणसं डोळे वटारत. इतर घरांत हा साधा प्रश्न असतो. गाव कळलं की आडनाव कळतं, आडनावावरून जात, आणि मग चहा कुठल्या कपातून द्यायचा ते ठरतं. आमची पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आलेली. गावाचं नाव तिला सांगता यायचं नाही, पण पैसे मोजायची ते अखेरपर्यंत गुजरातीतच. तिची लेक, माझ्या वडिलांची आत्या, केडगावातच वाढली. तिला सगळे बाईआत्या म्हणत. पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी केडगावात काढलेलं मुक्तिसदन मला पुस्तकांच्या आधी तिच्या तोंडून कळलं.

बाईआत्या सनावळी सांगत नसे. तिच्या लेखी काळाचे दोनच भाग होते, 'बाई होत्या तेव्हा' आणि 'बाई गेल्यावर'. बाई म्हणजे रमाबाई. त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, हे मी नंतर वाचलं. मुक्तिसदनाबद्दल ती भरभरून बोलायची. विहिरी, बैल, तेलाचा घाणा, माग, सगळं यायचं. त्याच आवारात कृपासदन होतं. त्याचा विषय निघाला की ती हातातलं सुपारीचं खांड चाळवत बसे आणि एवढंच म्हणे, "त्यांनी लई सोसलेलं. आपण कशाला उकरायचं?"

ज्यांना बाजारात बसावं लागलं, ज्यांना कुणी फसवून सोडून दिलं, अशा बायकांसाठी रमाबाईंनी ते घर काढलं होतं. त्याचं मूळ केडगावच्याही आधीचं, लंडनमधलं. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला वाँटेज इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहायला गेल्या. नवरा वारलेला, पदरात लहानगी लेक मनोरमा. त्याच मठाच्या जोगिणी पुण्यातही काम करत, त्यामुळे ओळख जुनी होती. त्यांनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं घर दाखवायला नेलं. तिथे 'वाया गेलेल्या' म्हणून समाजाने टाकलेल्या बायका राहत होत्या, काम शिकत होत्या, त्यांतल्या काही पुढे इतरांची सेवाही करू लागल्या होत्या. संस्कृतात वादविवाद करणाऱ्या, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईला असं काही पूर्वी दिसलंच नव्हतं. असल्या बायकांशी तुम्ही माणुसकीने कशा वागता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट आली. पाच नवरे झालेल्या बाईशी विहिरीवर बसून येशू बोलतो, ती गोष्ट. रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग आपल्या धर्मांतराच्या वाटेवरचा मोठा टप्पा म्हणून नोंदवला आहे.

त्याच काळात आपल्याकडे सरकार या बायकांकडे कसं बघत होतं? १८६८ च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी लावली होती, गोऱ्या शिपायांना रोग होऊ नयेत म्हणून. बाईला काय होतं, याची चौकशी त्या कायद्यात नव्हती. १८८८ मध्ये तो रद्द झाला, तोही इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं रान उठवल्यावर.

बाई धंद्याला कशी लागते, हे रमाबाईंना उपदेशकांपेक्षा जास्त कळत होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. भूक काय करायला लावते, ते त्या जाणून होत्या. वृंदावनात जाऊन तिथल्या विधवांची गत त्यांनी स्वतः बघितली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या, तेव्हा दलाल अन्नाच्या आशेवर मुली कशा उचलतात तेही दिसलं. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, तिथल्या त्यांच्या शारदासदनात जागा अपुरी, म्हणून पुणे-दौंड लाइनीवरच्या केडगावच्या माळावर मुक्काम हलला. दुष्काळाच्या वेळी दलालाच्या आधी पोचायचं, हेही त्याच कामाचं एक अंग होतं. पुढे आमची पणजीही त्यामुळेच वाचली.

बाईआत्याच्या गोष्टींतलं माझं आवडतं ठिकाण म्हणजे तिथला छापखाना. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम तिथल्या बायकाच करत. बाईआत्या जेवणाच्या टेबलावर बोटांनी दाखवायची: डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, उजव्या हाताने पेटीतल्या घरातून खिळा उचलायचा, अक्षर उलटं, ओळ उलटी, पण वाचायची सुलटी. वेलांटी चुकली की अख्खी ओळ सोडवायची. तिला शिकवणारी बाई कृपासदनातली होती, असं काही जण म्हणत. बाईआत्याने ते ना कधी कबूल केलं, ना नाकारलं. "हात असा चालायचा तिचा," एवढंच सांगायची आणि टेबलावर बोटं भराभर फिरवायची.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या ख्रिस्ती घरांत फारशी बोलली जात नाही. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून १८९३ मध्ये 'केसरी'ने झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगाव तर उघडउघड ख्रिस्तीच होतं. जिथे अन्न, तिथेच प्रार्थना, मग निवड कितपत मोकळी होती? मी एकदा बाईआत्याला हे विचारलं. ती चिडली नाही. म्हणाली, "आईला विचारायला दुसरं कोण आलं होतं का दारात?" हे उत्तर पुरेसं नाही, हे मला कळतं. पण प्रश्न उलटून तो विचारणाऱ्याच्याच अंगावर येतो, हेही कळतं. कृपासदन वेगळं ठेवलेलं होतं, शिस्त कडक होती, म्हणजे दयेलाही भिंती होत्याच.

तरी आज अशा कामाची गोष्ट निघाली की 'किती बायका सुधारल्या' असं विचारतात, ते मला खटकतं. बिघडलेलं होतं ते बाईच्या आजूबाजूचं. भूक, वैधव्य, दलाल, आणि परत घेणारं घर नसणं. केडगावात दिलं गेलं ते छप्पर, हातातलं काम, आणि मागचं न विचारणारा शेजार. पहिल्या दोन गोष्टी पैशाने उभ्या करता येतात. तिसरी मात्र माणसांना रोज पाळावी लागते, आणि आमच्या घरच्या बायकांनी ती तीन पिढ्या पाळली. आमच्या वटारलेल्या डोळ्यांमागचा इतिहास हाच.