गाजरावरची चकाकी आणि मुळातली साखर

फ्रेंच जेवणात मुख्य पदार्थाच्या शेजारी गाजराची एक साधी भाजी वाढतात. गाजराच्या चकत्या पसरट भांड्यात ठेवायच्या, त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी, लोण्याचा लहानसा गोळा, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ घालून भांडे मंद आचेवर ठेवायचे. गाजर शिजत जाते तसे पाणी आटते व शेवटी चकत्यांवर पातळ, चकचकीत लेप बसतो.

ही चकाकी कशी येते? भांड्यात पाणी भरपूर असते तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. पाणी आटू लागले की पाक घट्ट होतो व त्याचा उत्कलनबिंदू हळूहळू वर चढतो. लाडवांसाठी पाक करणाऱ्या कोणालाही हे अनुभवाने ठाऊक असते. या घट्ट पाकात लोण्याचे बारीक थेंब मिसळतात. त्यांच्या थराने चकतीचा खडबडीत पृष्ठभाग झाकला जातो आणि प्रकाशाचे नियमित परावर्तन होते. आच तशीच ठेवली तर पुढे साखरेचे विघटन होऊन ती तपकिरी व कडवट होते. त्याआधीच भांडे उतरवायचे असते.

आता त्या चमचाभर साखरेकडे वळू. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला भारतातून पश्चिमेकडे गेली. ‘शर्करा’ या शब्दापासूनच अरबी ‘सुक्कर’ व पुढे फ्रेंच ‘स्युक्र’ हे शब्द आले. पण अठराव्या शतकात युरोपच्या स्वयंपाकघरात पोचणारी साखर मुख्यतः अमेरिका खंडातील मळ्यांतून येत असे आणि तेथे राबत असत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. तोडलेल्या उसाचा रस लवकर नासतो, म्हणून हंगामात चरक व कढया रात्रंदिवस चालत. फ्रान्सच्या सँ दोमँग (आजचे हैती) या एकाच वसाहतीत १७८९च्या सुमारास साडेचार लाखांहून अधिक गुलाम होते.

साखर फक्त उसातच असते काय, हा प्रश्न बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ यांनी हाती घेतला. त्यांनी बीटच्या चकत्या वाळवून त्यांची पूड केली, ती तीव्र मद्यार्कात उकळली, द्रावण गाळून घेतले आणि काही आठवडे तसेच ठेवले. भांड्यात स्फटिक जमले. सूक्ष्मदर्शकाखाली ते उसाच्या साखरेच्या स्फटिकांसारखेच दिसले. १७४७ साली त्यांनी हे काम बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. पदार्थाची ओळख तो कोठून आला यावरून ठरत नाही, तर गुणधर्मांवरून ठरते, हे रसायनशास्त्राचे मूलतत्त्व यात स्पष्ट दिसते.

मात्र या शोधानंतर लगेच कारखाने निघाले नाहीत. बीटमधील साखर तेव्हा थोडी होती आणि गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या साखरेशी तिला किमतीत टक्कर देता येत नव्हती. मार्गग्राफ यांचे शिष्य फ्रान्झ आखार्ड यांनी अधिक गोड बीट निवडून लावण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि प्रशियाच्या राजाच्या मदतीने १८०१ साली सायलेशियातील कुनेर्न येथे कारखाना उभारला.

बीटला खरी चालना मिळाली ती राजकारणामुळे. सँ दोमँगमधील गुलामांनी १७९१ साली उठाव केला व १८०४ साली हैती स्वतंत्र झाले. १८०६ पासून नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार बंद केला आणि समुद्रमार्गे येणारी साखर दुर्मिळ झाली. १८११ साली त्याने हजारो हेक्टर जमिनीवर बीट लावण्याचा हुकूम काढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील निम्म्याहून अधिक साखर बीटची होती. आज मात्र सुमारे चार पंचमांश साखर उसापासूनच होते.

बीटने गुलामगिरी संपवली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. फ्रेंच वसाहतींत ती १८४८ साली कायमची रद्द झाली आणि तीमागे प्रथम गुलामांचा स्वतःचा लढा होता. साखर युरोपच्याच मातीत मिळू शकते हे १७४७ सालीच माहीत झाले होते. तरीही स्वस्त साखरेच्या सोयीपुढे ते ज्ञान अर्धे शतक जवळजवळ पडून राहिले. विज्ञानाचा इतिहास शिकवताना शोधाच्या तारखेइतकीच ही मधली वर्षेही विद्यार्थ्यांसमोर यायला हवीत.

वर्गात एक प्रयोग करता येईल. वरील भाजी दोन भांड्यांत करावी, एकीत साखर घालावी आणि दुसरीत मुळीच घालू नये. दुसऱ्या भांड्यातही पाणी आटल्यावर गोडसर, थोडी फिकी चकाकी येते. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ४ ते ५ ग्रॅम शर्करा असतात आणि त्यांत मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचाच असतो. ती पाण्यात उतरते व पाणी आटताच चकत्यांवर बसते. ही चकाकी कोठून आली, असे विद्यार्थ्यांना विचारावे आणि त्यांच्या उत्तरांपासून मार्गग्राफच्या प्रयोगाकडे जावे.