चांदीचे की चांदीच्या मुलाम्याचे?

सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत गिरगाव-दादरहून अनेक कुटुंबे आली, तशी त्यांची जुनी भांडीही आली. चहाचा संच, साखरदाणी, तबक, काटे-चमचे अशा वस्तू आवराआवरीत हाती लागतात आणि प्रश्न पडतो : ही चांदी की मुलामा? मुंबईच्या चोरबाजारात खरेदी करणाऱ्यालाही तोच पेच असतो. उत्तर बहुधा भांड्याच्या तळाशी किंवा चमच्याच्या दांड्यामागे ठसवलेले असते.

अक्षरांचा अर्थ

‘ईपीएनएस’ ही रोमन अक्षरे असल्यास वस्तू मुलाम्याची समजावी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विद्युत्-मुलाम्याचे पेटंट घेतले आणि पुढे हा प्रकार घरोघरी पोहोचला. आतला धातू म्हणजे आपल्याकडचे ‘जर्मन सिल्व्हर’. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी मुळीच नसते. ‘ईपीबीएम’ असल्यास आत कथिलप्रधान मिश्रधातू असतो. ‘ए वन’ हा कारखानदाराने स्वतःच दिलेला दर्जा आहे.

फसगत होते ती येथे. ही अक्षरे अनेकदा वेगवेगळ्या चौकटींत, हॉलमार्कसारखी ठसवलेली असतात. अस्सल इंग्लिश स्टर्लिंग चांदीवर मात्र पंजा उचलून चालणारा सिंह असतो. सोबत परीक्षण केंद्राची खूण, उदाहरणार्थ बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर. जर्मन बनावटीच्या चमच्यावरील ‘९०’ म्हणजे नव्वद टक्के चांदी नव्हे. बारा चमचे व बारा काटे मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा, असा त्याचा अर्थ. म्हणजे नगामागे सुमारे पावणेचार ग्रॅम. याउलट ‘८००’ किंवा ‘९२५’ हे आकडे हजार भागांतील चांदीचे प्रमाण सांगतात.

घरगुती पारख

लोहचुंबकाची परीक्षा पुरेशी नाही. चांदीप्रमाणे जर्मन सिल्व्हरही सहसा त्याला चिकटत नाही. कडा, मूठ आणि चमच्याचा तळ पाहावा. मुलामा तेथे आधी झिजतो व पिवळसर धातू डोकावतो. अशा झिजलेल्या भांड्यात चिंच, लोणचे यांसारखे आंबट पदार्थ ठेवू नयेत.

किंमत कशी ठरते?

मुलाम्याचा थर अत्यंत पातळ असल्याने सराफ त्याला चांदीच्या मोडीचा भाव देत नाही. मोल ठरते ते कारखानदाराचे नाव, घडण, संचाची पूर्णता आणि मुलाम्याची स्थिती यांवर. एखाद्या क्लबची, हॉटेलची किंवा १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची आद्याक्षरे असतील, तर संग्राहकांना त्यात रस असू शकतो. म्हणून भंगारात घालण्यापूर्वी ठसा भिंगाखाली वाचावा. पॉलिशच्या प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. विक्रीपूर्वी भांडे लखलखीत करण्याचा अट्टाहास टाळावा.

नवी चांदी घेताना

भारतात चांदीचे हॉलमार्किंग २००५ पासून उपलब्ध आहे, पण ते ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या वस्तूंवर सहा अंकाक्षरी ओळखक्रमांकही येऊ लागला. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर पडताळता येतो. जुन्या भांड्यांना ही सोय नाही. ठसा समजत नसेल, तर विकण्याआधी कस तपासून घेणे उत्तम.