कारखान्यांतील सुरक्षितता, प्रशिक्षण व विधिमंडळाची देखरेख : पनवेल परिसर

कामगाराच्या जीविताचे व आरोग्याचे रक्षण करणारे नियम आणि त्याला कामाचे शिक्षण देणारी शासकीय धोरणे यांवर संसद व राज्य विधिमंडळ देखरेख ठेवतात. तिची प्रमुख साधने म्हणजे विधेयकांची छाननी, सभागृहातील प्रश्न व लक्षवेधी सूचना, शासनाने केलेल्या नियमांची तपासणी आणि समित्यांचे अहवाल ही होत. कामगारविषयक कायदे घटनेच्या समवर्ती सूचीत मोडत असल्याने कायदा संसदेचा, पण नियम व निरीक्षक राज्याचे, अशी कारखान्यांच्या बाबतीत विभागणी झाली. या विभागणीचे गुणदोष पनवेल व त्याच्या लगतच्या औद्योगिक पट्ट्यात एकत्र पाहावयास मिळतात.

या देखरेखीचा प्रारंभ मुंबईच्या कापड गिरण्यांपासून झाला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने पहिला कारखाना आयोग नेमला. मुंबई विधिपरिषदेचे सदस्य सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये बालकामगारांच्या रक्षणासाठी विधेयक आणण्याचा प्रयत्न केला. त्यास सरकारचा पाठिंबा मिळाला नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमात सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, धोकादायक यंत्रांभोवती संरक्षक कठडे आणि अपघातांची वर्दी या तरतुदी आल्या. परंतु तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सु. ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. साप्ताहिक सुटीची तरतूद असलेला सुधारित अधिनियम १८९१ मध्ये झाला.

या सर्व कायद्यांपुढे चित्र होते ते गिरणीचे : फिरते चाक, पट्टा, दंतचक्र. असा धोका डोळ्यांना दिसतो व कठड्याने अडविता येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची सुरक्षिततेवरील कलमेही बव्हंशी याच धोक्याचा विचार करीत. तथापि प्रशिक्षणाचे महत्त्व त्या अधिनियमाला ठाऊक नव्हते, असे नाही. चालू यंत्राची तपासणी वा त्यास तेल देणे हे काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करावे (कलम २२) आणि धोकादायक यंत्रावर अल्पवयीनास पुरेसे शिक्षण दिल्याखेरीज किंवा जाणकाराच्या देखरेखीखेरीज काम देऊ नये (कलम २३), असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मात्र ही प्रशिक्षणाची अट विशिष्ट कामांपुरती होती. सर्वसाधारण कामगाराचा तो हक्क नव्हता.

पनवेलचा जुना लौकिक बैलगाडीच्या चाकांचा. घाटावर जाणाऱ्या गाड्यांना येथील सुतारांची चाके लागत आणि ते कसब घरातल्या घरातच शिकले जाई. १८७२ मध्ये येथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. परंतु परिसराचे रूप पालटले ते १९६० नंतर. केंद्र सरकारची हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झाली व तिचा कारखाना पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तळोजे व पाताळगंगा येथे औद्योगिक क्षेत्रे विकसित केली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील हे १९५७ पासून अनेक वेळा पनवेलचे आमदार होते. विधानसभेत विरोधी पक्षनेते व पुढे कुलाब्याचे खासदार म्हणूनही त्यांनी काम केले. त्यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. जमीन गेलेल्यांना योग्य मोबदला व नोकरी मिळावी, हा येथील प्रतिनिधींपुढचा पहिला प्रश्न होता. भातशेती व मिठागरे सोडून आलेल्या माणसाने रासायनिक कारखान्यातील काम कोठे व कसे शिकावे, हा प्रश्न त्यामागे राहणे स्वाभाविक असले, तरी तो लहान नव्हता.

रसायनीच्या कारखान्यात पूर्वी होणाऱ्या नायट्रोबेंझीन व ॲनिलीन या द्रव्यांचे उदाहरण घ्यावे. ही द्रव्ये त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करतात. भिजलेला सदरा तसाच अंगावर ठेवणे एवढी चूकही येथे प्राणघातक ठरू शकते. कठडा अशा विषाला अडवीत नाही; द्रव्याचे गुणधर्म जाणणे हेच येथे पहिले संरक्षण होय. बेंझीन व त्याच्या अशा साधितांपासून होणारी विषबाधा १९४८ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदली होती व तीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकास कळविणे बंधनकारक होते. पण ही सूचना रोग जडल्यानंतरची.

शिकणाऱ्याच्या बाबतीत कायद्याची भूमिका लक्षणीय आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे (कलम १८). मात्र आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांपुरता त्याला कामगार समजावे (कलम १४) आणि त्याला इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी (कलम १६). म्हणजे वेतनाच्या वेळी विद्यार्थी व अपघाताच्या वेळी कामगार, अशी त्याची दुहेरी अवस्था संसदेने मान्य केली. ही तडजोड सुज्ञपणाची म्हणावी लागेल. पण ती नोंदणी झालेल्या उमेदवारालाच लागू पडते. ठेकेदाराबरोबर आलेला नवखा मजूर तीत बसत नाही.

भोपाळ येथील २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर संसदेने १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी सुधारणा केली. घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले : कारखान्याच्या जागेची पूर्वतपासणी, परिसरातील लोकांना धोक्याची माहिती, आपत्कालीन योजना, सुरक्षा समित्या. कलम १११ अ अन्वये आपल्या आरोग्याविषयी व सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि शक्य तेथे प्रशिक्षण मिळविण्याचा हक्क प्रत्येक कामगारास प्रथमच मिळाला. सुरक्षितता व प्रशिक्षण यांची सांगड घालणारे हे सर्वांत महत्त्वाचे कलम. ते यावयास १८८१ पासून शंभरावर वर्षे लागली आणि त्याआधी एक शहर होरपळावे लागले.

पनवेलच्या बाबतीत खरी अडचण देखरेखीच्या विखुरलेपणाची होती. रसायनीचा केंद्रीय उपक्रम संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेत. सिडको व औद्योगिक विकास महामंडळ राज्य विधिमंडळाच्या कक्षेत. त्याच केंद्रीय कारखान्याची सुरक्षातपासणी राज्याचे निरीक्षक करीत, तर तेथील शिकाऊ उमेदवारांबाबत अधिकार केंद्राचा. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातील हमालांना विधिमंडळाचा १९६९ चा माथाडी अधिनियम लागू; शेजारच्या उरण तालुक्यात १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातील गोदी कामगारांना संसदेचा १९८६ चा वेगळा अधिनियम. एकाच गावातील तीन भाऊ कारखान्यात, बाजारात व बंदरात कामाला असल्यास तिघांच्या सुरक्षिततेचे कायदे तीन. त्यामुळे एका सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला सगळ्यांच्या कामाचे उत्तर मिळणे कठीण होते.

कायद्यांच्या एकीकरणाचा प्रयत्न व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने केला. तिचे विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले व कामगारविषयक स्थायी समितीकडे गेले. समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला. त्यानंतर सरकारने ते मागे घेऊन १९ सप्टेंबर २०२० रोजी नवे विधेयक मांडले. कारखाना ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या पहिल्या विधेयकात शक्तीचा वापर असल्यास दहा व नसल्यास वीस होती; नव्यात ती अनुक्रमे वीस व चाळीस झाली. हा बदल समितीने तपासलेल्या मसुद्यात नव्हता. लोकसभेने २२ व राज्यसभेने २३ सप्टेंबरला विधेयक संमत केले, तेव्हा विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. लहान कारखाने वगळणारा निर्णय इतक्या त्वरेने व समितीच्या छाननीवाचून व्हावा, हे संसदीय पद्धतीच्या दृष्टीने समाधानकारक नाही.

संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कारखाने, गोदी व कंत्राटी कामगार यांविषयीच्या अधिनियमांसह एकूण १३ केंद्रीय कायदे तीत विलीन झाले. शिकाऊ उमेदवारी अधिनियम व महाराष्ट्राचा माथाडी अधिनियम मात्र तिच्या बाहेर राहिले.