अनुकूली प्रवाहन

इंटरनेटवरून चित्र व ध्वनी प्रेक्षकाच्या जोडणीच्या वेगानुसार दर्जा बदलत सलग पोचविण्याची पद्धत. थेट चित्रण एन्कोडर या यंत्रणेत एकाच वेळी अनेक बिटदरांत, म्हणजे दर सेकंदाला लागणाऱ्या विदेच्या वेगवेगळ्या प्रमाणांत, संकोचित केले जाते व प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. कोणता तुकडा मागवायचा, हे सर्व्हर नव्हे तर प्रेक्षकाच्या फोनवरील प्लेअर ठरवतो. तुकडे वेबपानांप्रमाणे साध्या एचटीटीपी या नियमावलीने जात असल्याने ते ठिकठिकाणच्या कॅश सर्व्हरांवर साठवता येतात आणि मूळ सर्व्हरवर फारसा भार न पडता प्रेक्षकसंख्या वाढू शकते. पद्धतीचे खरे बळ यातच आहे. या पद्धतीवर आधारलेले ॲपलचे एचएलएस २००९ मध्ये, तर डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले. प्लेअर काही तुकडे आधीच साठवत असल्याने होणारा विलंब हा या पद्धतीचा जुना दोष असून, शेजारच्या दूरचित्रवाणीवर षटकार दिसून गेल्यानंतर फोनवर गोलंदाज धावू लागतो; साठा कमी केल्यास विलंब घटतो, पण चित्र अडखळण्याचा धोका वाढतो. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा प्रसंगी चित्रणापेक्षा लॉगिनसारख्या विनंत्यांची एकाएकी येणारी लाटच अधिक कसोटी पाहते, म्हणून सर्व्हरांची संख्या आधीच वाढवून ठेवावी लागते.