शंभर, तीनशे आणि वसमतचा गळीत हंगाम

कारखाना उभारणारा माणूस यंत्रांचा हिशेब करतो तसा माणसांचाही करतो. घेतलेले यंत्र विकता येते, निदान मोडीत तरी काढता येते. घेतलेला कामगार मंदीत कमी करता येईल की नाही, याचे उत्तर मात्र कायद्याच्या हाती असते. त्या कायद्याचा इतिहास वसमतसारख्या गावाच्या वाट्याला कसा आला, हे येथे पाहावयाचे आहे.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. प्रारंभी त्यात नोकरकपातीची भरपाई नव्हती. १९५३ साली कापडगिरण्यांत माल साचला, कामगारांना घरी बसविले जाऊ लागले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नवे प्रकरण अमलात आले. काम नसेल तर निम्मा पगार, कपात झाली तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. ही भरपाई न्याय्यच होती, असे आमचे मत आहे. मालकाला आपला खर्च आधी कळत होता, आणि कळलेला खर्च कोणी फारसा भीत नाही.

आणीबाणीत, मार्च १९७६ पासून, चित्र पालटले. ज्या कारखान्यात ३०० वा अधिक कामगार असतील, त्याने कपात वा टाळेबंदीपूर्वी नव्हे, तर ले-ऑफ, कपात आणि कारखाना कायमचा बंद करणे या तिन्हींपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, असे ठरले. मुंबईच्या 'एक्सेल वेअर' या निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या, सुमारे ४०० कामगारांच्या कारखान्याने १९७७ साली बंद करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७८ साली बंदीविषयीचे ते कलम घटनाबाह्य ठरले. संसदेने १९८२ मध्ये ते सुधारून पुन्हा आणले. शिवाय १९८४ पासून ३०० ची मर्यादा १०० वर आली. मधल्या काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता.

येथे खर्चाची जागा अनिश्चिततेने घेतली. परवानगी मिळेल की नाही, हे कोणालाच सांगता येईना. मुंबईत जन्मलेले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्यासह १९९४ च्या ग्रंथात दाखविले आहे की, जो निर्णय मागे घेता येत नाही तो अनिश्चित काळात लांबणीवर टाकणे हेच व्यवहारी माणसाला शहाणपणाचे वाटते. नोकरीला घेणे हाही तसाच निर्णय झाला. मग मालक नव्याण्णव माणसांवर थांबला, ठेकेदार शोधू लागला, किंवा भांडवल यंत्रात घालू लागला.

वसमतला अनिश्चितता नवी नव्हती. निजामी राजवटीतून परभणी जिल्ह्यात आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आलेला हा तालुका पाऊस पाहून जगतो. पूर्णा प्रकल्पाचे कालवे आले, ऊस वाढला आणि पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरीही दुष्काळी वर्षी ऊस नाही, आणि ऊस नाही तर गाळप नाही. अशा ठिकाणी हंगामी उद्योगच मूळ धरतो. नवलाची गोष्ट अशी की, कायद्याचेही त्याला अनुकूल होते. परवानगीचे ते प्रकरण हंगामी स्वरूपाच्या उद्योगांना लागूच नव्हते. पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले की, हंगाम संपल्यावर हंगामी कामगाराचे काम थांबणे म्हणजे नोकरकपात नव्हे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत म्हणूनच 'कायम' आणि 'हंगामी कायम' असे दोन वर्ग दिसतात. दुसऱ्या वर्गाला बंद काळात थोडा भत्ता मिळतो, आणि पुढच्या गळिताची वाट पाहावी लागते.

सारा दोष कायद्यावर टाकणे मात्र आम्हांस पटत नाही. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ साली, ज्या राज्यांनी कायदा कामगारांच्या बाजूने झुकविला तेथे नोंदणीकृत कारखानदारीतील गुंतवणूक मागे पडली, असा निष्कर्ष काढला. त्यांनी राज्यांची जी वर्गवारी केली तिच्यावर पुढे बरीच टीका झाली. वसमतवरून जाणारा पूर्णा-अकोला लोहमार्ग विसावे शतक संपले तरी मीटरगेज होता, हे कोणत्या कलमात मोडते? नांदेडची उस्मानशाही गिरणी आजारी पडून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, तीही काही एकट्या कायद्यामुळे नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आणि मर्यादा १०० वरून पुन्हा ३०० वर गेली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्यावर प्रक्रिया करणारा एखादा कारखाना आता शंभराव्या माणसाला न भिता कामावर घेईल, अशी आशा धरावयास जागा आहे. पण उसाच्या फडात मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून जी माणसे राबतात, त्यांची गणती ना त्या शंभरांत होती, ना या तीनशेंत आहे.